गाडी बंद पडली तर?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण मोटारसायकलवर मागे बसून प्रवास करतात. कोणी अब्बांबरोबर बाजारात जाते, कोणी मोठ्या भावाबरोबर नातेवाइकांच्या गावी जाते. गाडी चालू असते तोपर्यंत तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. पण भर रस्त्यात ती एकाएकी बंद पडली तर? अशा वेळी काय करावे आणि कोणाला काय सांगावे, हे आज आपण समजून घेऊ. त्याआधी माझ्यावर आलेला एक प्रसंग तुम्हांला सांगतो.

ही गोष्ट २००३ सालची आहे. तेव्हा मी सातवीत होतो. नाशिकचे एक लग्न आटोपून अब्बा आणि मी मोटारसायकलवरून मालेगावला परत येत होतो. चांदवड मागे पडले. राहूड घाट उतरत असताना सूर्य मावळला. तोच खट्‌कन आवाज झाला. इंजिन गुरगुरत होते, पण गाडी नुसती उतारावरून घरंगळत होती. चेन तुटली होती. अब्बांनी ब्रेक लावत लावत गाडी वळणाच्या पुढे नेली आणि रस्त्याच्या डाव्या कडेला, मातीवर उभी केली.

त्या वेळी आमच्याकडे मोबाइल नव्हता. आमच्याच बाजूला थोड्या अंतरावर एका घराचा दिवा दिसत होता. अब्बा म्हणाले, "मी गाडीजवळ थांबतो. तू त्या घरी जा आणि मदत माग." मी धावतच गेलो. अंगणात एक आजोबा बसले होते. मला धापा टाकताना पाहून त्यांनी विचारले, "काय झालं रे बाळा?"

मी म्हणालो, "आमची गाडी..." आणि पुढचे शब्दच सुचेनात.

आजोबा उठून उभे राहिले. "कुणाला लागलं का?"

मराठीच्या तासाला मी 'मला वही लागते' असे वाक्य शिकलो होतो. म्हणून मला वाटले, कोणाला काही हवे आहे का, असे ते विचारत आहेत. मी मोठ्याने म्हणालो, "हो! अब्बांना लागलं!"

झाले! आजोबांनी हाका मारून घरातल्या माणसांना बोलावले. एकाने खाट उचलली, एकाने चादर घेतली, एकजण पाण्याची कळशी घेऊन निघाला. चार-पाच माणसे माझ्यामागून धावत रस्त्यावर आली. बघतात तर काय, अब्बा धडधाकट उभे! 'लागणे' म्हणजे 'हवे असणे', तसेच 'लागणे' म्हणजे 'जखम होणे' हे मला त्या दिवशी कळले. मला फार शरम वाटली. आता सगळे रागावतील, असे वाटले. पण आजोबा खाटेवर टेकले आणि म्हणाले, "बरं झालं, कुणाला लागलं नाही. गाडीचं काय, ती नीट होईल."

मुलांनो, आजोबांच्या या वाक्यात गाडी बंद पडल्यावर पाळायचा पहिला नियम आहे. आधी माणूस, मग गाडी.

गाडी बंद पडली की बहुतेक लोक जागच्या जागी उतरतात आणि खाली वाकून इंजिनाकडे पाहू लागतात. ही मोठी चूक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे तीन सेकंदांत ते ५० मीटर पुढे येते. चालकाला तुम्ही दिसेपर्यंत आणि त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत वाहन जवळ येऊन ठेपलेले असते. म्हणून गाडी आधी रस्त्याच्या डाव्या कडेला, डांबराच्या खाली घ्यावी. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर ती उभी करू नये, कारण तेथे मागून येणाऱ्याला ती लांबून दिसत नाही. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन उभे करणे मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणेही मना आहे.

अंधार असेल तर गाडीचा मागचा लाल दिवा आणि डाव्या बाजूचा इंडिकेटर चालू ठेवावा. त्या दिव्यासमोर आपण स्वतः उभे राहू नये, नाहीतर तो झाकला जातो. मागे बसणाऱ्याने गाडीपासून दूर, रस्त्याच्या बाहेर आणि येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभे राहावे. हेल्मेट लगेच काढू नये. पांढरा रुमाल किंवा मोबाइलची बॅटरी हलवली, तर येणाऱ्या चालकांना लांबूनच इशारा मिळतो.

आपण सुरक्षित झालो की मग गाडीकडे वळावे. येथे घाई न करता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. इंजिन बंद पडले आहे का? इंजिन चालू असून गाडी पुढे जात नाही का? की चाकातच काही बिघाड आहे? या तीन प्रश्नांनी अर्धे काम होते.

पहिला प्रश्न घेऊ. इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी मिळाली नाही, तरी इंजिन बंद पडते. म्हणून आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. हँडलच्या उजव्या बाजूला इंजिन बंद करण्याचे लाल बटण असते. कधी कधी हात लागून ते दाबले जाते आणि माणूस उगीच किक मारत बसतो! काही गाड्यांमध्ये साइड स्टँड खाली राहिला, तर गिअर टाकताच इंजिन बंद होते. तोही पाहावा. मग टाकीत पेट्रोल आहे का ते पाहावे. टाकीत डोकावताना काडी किंवा लायटर कधीही पेटवू नये. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती क्षणात पेट घेते. जुन्या गाड्यांना टाकीखाली कॉक असतो. तो रिझर्व्हला लावला की टाकीच्या तळाचे पेट्रोल इंजिनाला मिळते.

पेट्रोल असूनही गाडी चालू होत नसेल, तर ठिणगीचा विचार करावा. ठिणगी स्पार्क प्लगमधून पडते. प्लगवर बसवलेली रबरी टोपी खड्ड्यातल्या हादऱ्याने सैल होते किंवा पावसात भिजते. चावी बंद करून ती कोरड्या फडक्याने पुसावी आणि नीट दाबून बसवावी. मात्र इंजिन तापलेले असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर हात भाजेल. चावी फिरवूनही एकसुद्धा दिवा लागत नसेल, तर फ्यूज जळला असेल किंवा बॅटरीची तार सुटली असेल.

भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते. अशा गाडीत रिझर्व्हचा कॉक आणि चोक सहसा नसतो. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा सतत लागून राहिला, तर बिघाड आहे असे समजावे आणि गाडी उघडत न बसता गॅरेजमध्ये दाखवावी.

दुसरा प्रश्न. इंजिन चालू आहे, पण गाडी पुढे जात नाही. अशा वेळी चेन निसटली किंवा तुटली असेल, नाहीतर क्लचच्या प्लेटा झिजल्या असतील. निसटलेली चेन पुन्हा चढवता येते, पण इंजिन बंद केल्याशिवाय चेनला हात लावू नये. फिरत्या चेनमध्ये बोट सापडले, तर ते कायमचे जाऊ शकते.

तिसरा प्रश्न चाकाचा. मागचे चाक पंक्चर झाले की गाडी मागून डोलू लागते. तेव्हा करकचून ब्रेक न लावता वेग हळूहळू कमी करावा. टायर ट्यूबलेस असेल, तर चाक न काढताही पंक्चर निघते. ट्यूब असेल तर मात्र पंक्चरवाल्याला चाक काढावे लागते. हवा गेलेल्या चाकावर बसून गाडी चालवली, तर ट्यूब आणि टायर दोन्ही फाटतात.

एवढे पाहूनही गाडी चालू झाली नाही, तर मदत मागावी. त्यात कमीपणा नाही. परंतु गाडी दोरीने दुसऱ्या मोटारसायकलला बांधू नये. दुसऱ्या गाडीवर बसून पायाने ढकलत नेणेही तितकेच धोक्याचे आहे. अशात एकाचा तोल गेला की दोघेही पडतात. गाडी टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्यावी, नाहीतर मिस्त्रीलाच तेथे बोलवावे.

मदत मागताना सर्वांत महत्त्वाचे काय? आपण कोठे आहोत हे सांगता येणे. "आम्ही रस्त्यात आहोत" असे सांगून कोणाला काय कळणार? रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, ते वाचायला शिका. दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. दगडावर जवळच्या गावाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते. दगड दिसला नाही, तर पूल, पेट्रोल पंप, शाळा, टोलनाका अशी खूण सांगावी. आपण कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे चाललो आहोत, हेही सांगावे, कारण मोठ्या रस्त्याला दोन बाजू असतात.

आता मी त्या आजोबांना काय सांगायला हवे होते, ते ऐका.

"आजोबा, आम्ही चांदवडहून मालेगावला चाललो आहोत. आमच्या मोटारसायकलची चेन तुटली आहे. गाडी घाटातल्या वळणाच्या पुढे, डाव्या कडेला उभी आहे. आम्ही दोघे आहोत. कोणालाही लागलेले नाही. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला मदत हवी आहे."

पाहा बरे, यात एकही अवघड शब्द नाही. कोठे, काय झाले, कितीजण, कोणाला लागले आहे का आणि काय हवे, एवढ्या पाच गोष्टी सांगितल्या की ऐकणाऱ्याला सर्व कळते. फोनवरही हेच सांगायचे. संकटाच्या वेळी भारतभर ११२ हा क्रमांक चालतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक आहेत. ते पाठ करून ठेवा. पलीकडचा माणूस "ठीक आहे" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

तुम्ही आज गाडी चालवत नाही आणि चालवूही नये. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. पण मागे बसणारा शांत राहिला, तर चालवणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. दिवा धरणे, दगड वाचणे, फोनवर नीट बोलणे ही कामे तुम्ही आजही करू शकता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आज आपण मदत मागतो, तर उद्या दुसरा कोणी आपल्याकडे मदत मागतो. पोलिसांच्या चौकशीत अडकू, या भीतीने पूर्वी पुष्कळ लोक अपघातातल्या जखमीजवळ थांबत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम सर्वत्र बंधनकारक केले. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला आता कायद्याचा आधार आहे.

त्या रात्रीचे पुढे काय झाले? आजोबांच्या मुलाने आमची गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली आणि उमराण्याला एका मिस्त्रीकडे पोहोचवली. मिस्त्रीने तुटलेली कडी काढून नवे चेनलॉक बसवले. अर्ध्या तासात गाडी तयार झाली. अब्बांनी डिझेलचे पैसे पुढे केले, तेव्हा आजोबांचा मुलगा हसून म्हणाला, "राहू द्या. पोराला मराठी तेवढं नीट शिकवा!"

अब्बांनी ते मनावर घेतले. मीही घेतले. म्हणूनच आज मी तुमच्यासमोर हा पाठ घेऊन उभा आहे. आपल्या उर्दूतला 'मदद' हा शब्द मराठीत 'मदत' असा आहे. पण नुसता शब्द पुरत नाही. कोणाला, कोठे आणि कशी मदत हवी आहे, हे समोरच्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. मोटारसायकलच्या डिकीत पाना आणि स्क्रू ड्रायव्हर असतो ना? तशाच या पाच गोष्टी तुमच्याजवळ नेहमी असू द्या.