जुन्या जीपला नवा दम, परवडेल असा

विलीज कंपनीने 1953 मध्ये सीजे-3बी जीप काढली, तेव्हा तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा बरंच उंच होतं. त्याचं कारण बॉनेटखालीच होतं. युद्धकाळातल्या 'गो डेव्हिल' इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसवलेले असत. कंपनीने इनलेट व्हॉल्व्ह मोठा केला आणि वर हेडमध्ये नेला. बोअर तोच, स्ट्रोक तोच, क्षमताही तीच 2.2 लिटरची, पण सिलिंडरमध्ये हवा मोकळेपणाने शिरू लागली आणि 60 अश्वशक्तीचं इंजिन 70 च्या पुढे गेलं. या 'हरिकेन' इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही वर गेलं. महिंद्राने हीच जीप पुढे कित्येक वर्षं भारतात बनवली.

अमेरिकेत जुन्या मस्टँगवर लोक जीव टाकतात, आपल्याकडे तो जीपवर जडतो. मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात कुणाच्या गोठ्याशेजारी अशी पेट्रोल जीप उभी असेल, तर पहिला सल्ला ठरलेला असतो: भंगारातून डिझेल इंजिन आणा आणि बसवा. बहुतेक वेळा हा सल्ला महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधं गणित करू. या जीपच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर 5.38 आहे. टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या 5.38 फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरतं आणि गाडी सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला 4000 फेऱ्या, म्हणजे इंजिन पार ताणलेलं असताना, वेग भरतो ताशी 100 किलोमीटर. ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन 3000 फेऱ्यांच्या आसपास थकत असेल, तर त्याच क्राउन-पिनियनवर गाडी 75 लाच अडेल. मग क्राउन-पिनियन बदला, माउंटिंग नव्याने वेल्ड करा, वाढलेल्या वजनासाठी पाटे आणि ब्रेक बघा. खर्च असा वाढत जातो. उलट हरिकेनचा टॉर्क 2000 फेऱ्यांना सर्वाधिक असतो, म्हणजे ताशी 50 किलोमीटरला. गावाकडच्या रस्त्याला हाच वेग लागतो. मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरचे 120 या गाडीसाठी नाहीतच.

मग दम आणायचा कुठून? हरवला तिथूनच. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजा. एखादा आकडा फार कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅसकेटवर. म्हणजे इंजिन उघडण्याआधीच कामाचा अंदाज येतो. बोअरिंग करून मोठे पिस्टन टाकले की ताकद खूप वाढते, हा मात्र भ्रम आहे. बोअर एक मिलिमीटरने वाढवला तरी क्षमता जेमतेम अडीच टक्के वाढते. खरा फायदा गळणारा दाब थांबण्याचा असतो.

दुसरं काम कार्ब्युरेटरचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा. आधुनिक गाडीचा सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. जुना जेट मात्र तेवढंच इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं आणि तापतं. जेटचा व्यास सुमारे चार टक्के मोठा केला की हिशोब जुळतो. जुने रबरी पाइप आणि डायफ्रामही त्याच वेळी इथेनॉलला टिकणारे घाला.

कायद्याचीही बाजू आहे. नोंदणीशी न जुळणारं इंजिन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय चालत नाही. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. तेव्हा भंगारातल्या इंजिनाचा सौदा करण्याआधी गेज लावा, चारही आकडे कागदावर लिहा आणि मगच मिस्त्रींशी पैशांचं बोला.