सूट, अनुदान आणि गल्ली

पेशवाईत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून प्रथम कौल दिला जाई. शेट्या-महाजनांनी उदमी, कारागीर आणि बलुतेदार आणून वसवावे, त्यांनी घरे व दुकाने बांधावी, आणि ठरावीक मुदतीपर्यंत त्यांच्याकडून कर घेऊ नये किंवा घेतला तरी चढत्या प्रमाणाने घ्यावा, अशा आशयाचा तो करार असे. यात दानधर्माचा अंश नव्हता. ओसाड जागेतून कवडीचे उत्पन्न येत नाही, तीच नांदती झाली तर कालांतराने जकात, मोहतर्फा आणि इतर बाबी सुरू होतील, हे जाणूनच सरकार आजचा महसूल सोडून देई. विशेष हे की, काय सोडले आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळवावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या असत.

आजच्या महानगरपालिका वस्ती सुधारण्यासाठी आणि रहिवाशांचे जीवन सुसह्य करण्यासाठी जे उपाय योजतात, त्यांची मूळ तऱ्हा तीच आहे. पालिका एकतर तिजोरीतून पैसा देते, त्याला अनुदान म्हणतात. नाहीतर येणे असलेला पैसा घेत नाही, त्याला सूट म्हणतात. तिजोरीच्या दृष्टीने दोहोंत काडीचा फरक नाही. परंतु अनुदानाचा रुपया अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसतो, त्यावर सभागृहात कडाक्याची चर्चा होते, लेखापरीक्षक आक्षेप घेतात, वर्तमानपत्रे ओरड करतात; आणि सुटीचा रुपया जमेच्या बाजूला आलाच नाही म्हणून कोणाच्या नजरेसही येत नाही. दिलेल्या पैशाचा जाब विचारणारे आपण, न घेतलेल्या पैशाबाबत इतके उदार का असतो, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

सुटीचे मुख्य क्षेत्र म्हणजे घरपट्टी. एके काळी जकात हा शहरांच्या उत्पन्नाचा कणा होता. पुण्यासारख्या शहरांत २०१३ साली तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, मुंबईत ती २०१७ च्या जुलैपर्यंत टिकली, आणि वस्तू व सेवा करानंतर तिच्या बदल्यात राज्य शासनाकडून येणाऱ्या भरपाईवर पालिका विसंबून राहिल्या. तेव्हा पालिकेने स्वतःच्या अधिकारात आकारावी आणि स्वतःच वसूल करावी अशी जी मोठी बाब उरली, ती हीच. पुण्यात तिची आकारणी घराच्या अपेक्षित वार्षिक भाड्यावरून होते, तर मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. बिल एकच असले तरी त्याच्या पोटात अनेक कर असतात: सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, मलनिस्सारण कर, वृक्षकर, पथकर, शिवाय शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर यांसारखे राज्य शासनाच्या वतीने गोळा केले जाणारे कर. हा तपशील रुक्ष वाटला तरी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण सूट जाहीर होते ती घरपट्टीची, आणि प्रत्यक्षात मिळते ती पुष्कळदा तिच्यातील एखाद्याच कलमापुरती. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचा निर्णय २०१९ साली प्रथम अमलात आला, तेव्हा माफ झाला तो केवळ सर्वसाधारण कर, आणि उरलेल्या कलमांचे बिल हातात पडल्यावर लोक चकित झाले. संपूर्ण माफी मिळण्यास २०२२ उजाडावे लागले.

पुण्याच्या पर्यावरणपूरक सवलतीचे उदाहरण अधिक बोधक आहे. सौरऊर्जेवर पाणी तापविण्याची व्यवस्था, गांडूळखत प्रकल्प आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक गोष्ट ज्या मिळकतीत चालू असेल तिला ५ टक्के, आणि दोन किंवा अधिक असतील तिला १० टक्के सूट पालिका देते. यामागील विचार उत्तम आहे. एखाद्या सोसायटीने आपला ओला कचरा आवारातच जिरविला, तर तो उचलून नेणारी गाडी, तिचे इंधन, तिच्यावरील माणसे, आणि ज्या गावाच्या हद्दीत तो नेऊन टाकावयाचा तेथील लोकांचा रास्त संताप, एवढा सगळा भार वाचतो. त्या वाचलेल्या भाराचा काही हिस्सा कौलाच्याच न्यायाने तिला परत मिळावा. पण कौलात मुदत असे आणि मुदत संपली की पाहणी होई. येथे मात्र प्रारंभीचा दाखला एकदा दप्तरी जमा झाला की सूट वर्षानुवर्षे चालू राहते, आणि गच्चीवरील सौरयंत्र नादुरुस्त होऊन पडले आहे, गांडुळांच्या हौदात वाळलेल्या पाल्याखेरीज काही नाही, हे पाहण्यास जिना चढून जाणारा कोणी नसतो. पालिकेने जेव्हा जेव्हा तपासणीची मोहीम काढली, तेव्हा बंद पडलेले प्रकल्प आढळले आणि सवलती रद्द कराव्या लागल्या. जी तपासणी मोहीम म्हणून काढावी लागते, ती नित्याच्या कारभाराचा भाग नाही, एवढे यावरून उघड होते.

मुंबईने या बाबतीत आधी हुकूम आणि मागून सूट असा क्रम स्वीकारला. २०,००० चौरस मीटरांहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट स्वतःच लावावी, असे तेथे २०१७ साली फर्माविण्यात आले. अनेकांनी मुदत मागितली, अनेकांनी दुर्लक्ष केले, आणि त्यानंतर कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सोसायट्यांना घरपट्टीत सवलतीचे आमिष दाखविले गेले. जे करणे कायद्याने भागच आहे ते केल्याबद्दल बक्षीस द्यावे काय, असा तात्त्विक प्रश्न येथे उपस्थित करता येईल. मला मात्र त्यात फारसे वावगे दिसत नाही, कारण दंडाची नोटीस वर्षानुवर्षे रेंगाळते आणि बिलातील सूट पुढच्याच सहामाहीत दिसते.

आणखी एक सवलत पुणेकरांच्या जिव्हाळ्याची आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे वार्षिक भाडे ४० टक्क्यांनी कमी धरून आकारणी करण्याची प्रथा तेथे १९७० पासून चालत आली होती. शिवाय, दुरुस्तीखर्चापोटी कायद्याने १० टक्के वजावट सांगितली असता पुण्यात १५ टक्के दिली जाई. लेखापरीक्षणात या दोन्हींवर आक्षेप निघाला, राज्य शासनाने सवलत रद्द केली, २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना वाढीव बिले गेली, आणि जी सूट पन्नास वर्षे कोणाच्या ध्यानातही नव्हती तीवरून शहरात केवढा तरी क्षोभ उसळला. २०२३ साली शासनाने ४० टक्क्यांची सवलत पुन्हा बहाल केली. मात्र घरात आपण स्वतःच राहतो याचा पुरावा जोडून विहित नमुन्यातील अर्ज भरून देण्याचे काम मालकाच्या गळ्यात पडले. या साऱ्या वादात भाडेकरूचे नाव कोणी काढले नाही. तो राहतो त्या घराला ही सूट नाही, वाढीव कर मालक भाड्यात मिसळून त्याच्याकडूनच घेतो, आणि बिल मात्र मालकाच्या नावाने येते.

भाडेकरूचे हे, तर ज्याला सूट देण्याजोगे बिलच येत नाही त्याचे काय? शहरातील फार मोठा वर्ग झोपडवस्त्यांत राहतो. १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाने वस्त्यांच्या निर्मूलनाबरोबर त्यांच्या सुधारणेचीही जबाबदारी शासनाने स्वीकारली, आणि नळकोंडाळी, गटारे, फरसबंदी, सार्वजनिक संडास यांसाठी निरनिराळ्या नावांनी अनुदाने येऊ लागली. त्यांपैकी जुनी दलित वस्ती सुधार योजना आज शहरांत लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने चालते. नावे बदलली तरी कामाची तऱ्हा दीर्घकाळ एकच राहिली. कंत्राटदाराने संडासाची इमारत उभी करावयाची, अभियंत्याने मोजमाप-पुस्तकात नोंद करावयाची, देयक अदा व्हावयाचे, आणि वर्षभरात पाणी नाही, दिवा नाही, कडी नाही अशी अवस्था होऊन बायाबापड्यांनी पुन्हा अंधाराची वाट पाहावयाची.

या रहाटगाडग्यातून पुणे एकदा बाहेर पडले होते, ही गोष्ट पुणेकरांनाही फारशी ठाऊक नाही. १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, पालिकेने वस्त्यांतील सामुदायिक शौचालयांचे काम नेहमीच्या ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांना देण्याचे ठरविले. बांधकामाचा खर्च, पाणी, वीज आणि मलवाहिनी पालिकेची. आराखडा, बांधणी आणि पुढील देखभाल संस्थेची व वस्तीची. स्पार्क आणि तिच्याबरोबरची महिला मिलन, शेल्टर असोसिएट्स अशा संस्था पुढे आल्या, आणि अल्पावधीत ४०० हून अधिक शौचालये, म्हणजे सुमारे १०,००० बैठका उभ्या राहिल्या. दर आठवड्याला आयुक्तांसमोर बैठक होई आणि कोणत्या प्रभागात काम का अडले याचे उत्तर तेथल्या तेथे द्यावे लागे.

परंतु संख्येपेक्षा या इमारतींचे आराखडे अधिक बोलके आहेत. सार्वजनिक संडासाच्या रांगेत लहान मुलांना मोठी माणसे मागे ढकलतात, आत काळोख असतो, भांडे मोठे असल्यामुळे मूल घाबरते, आणि म्हणून ते बाहेर गटाराच्या काठी बसते. हे ज्या बायकांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते त्यांना विचारल्यामुळे मुलांसाठी लहान बैठका, धरावयास दांडी आणि वेगळी जागा आराखड्यात आली. स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे वेगळी झाली. राखणदाराच्या कुटुंबाला राहावयास तेथेच खोली मिळाली, तेणेकरून साफसफाईची जबाबदारी घेणारे माणूस चोवीस तास हजर राहिले. त्याचा मेहनताना घरटी मासिक पासाच्या माफक रकमेतून निघे. काही ठिकाणी तर वस्तीतल्या बायकांनीच बांधकामाचे कंत्राट घेतले, सिमेंटच्या गोण्या मोजल्या, गवंड्याशी हुज्जत घातली. पुढे जेथे पासाची वसुली ढिली पडली किंवा जलवाहिनीच तुटली, तेथे याही इमारती जुन्यांच्याच वाटेने गेल्या, हे नमूद केले पाहिजे. तरीही सरकारी अनुदान खर्च होण्यापूर्वी ते वापरणाऱ्या माणसाला काय हवे असे विचारले गेले, ही त्या काळातील असामान्य गोष्ट होती.

घरोघरी शौचालयासाठी दिलेल्या अनुदानाची कथा निराळी. स्वच्छ भारत अभियानात शहरी भागात केंद्राकडून दर घरामागे ४,००० रुपये मिळत, त्यात राज्य आणि पालिका आपली भर घालीत. रक्कम हप्त्याहप्त्याने आणि छायाचित्राच्या पुराव्यावर मिळावयाची. तेव्हा पहिला हप्ता खर्चून पुढच्याची वाट पाहत अर्धवट राहिलेल्या भिंती पुष्कळांनी पाहिल्या असतील. शेल्टर असोसिएट्सने यावर साधी तोड काढली. ज्या गल्लीत मलवाहिनी आहे ती प्रथम नकाशावर हेरावयाची, बांधकामाचे साहित्य थेट दारात आणून द्यावयाचे, आणि गवंड्याची मजुरी त्या कुटुंबाने सोसावयाची. ज्याने पदरचे पैसे घातले, त्याची भिंत अर्धवट राहत नाही.

मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधून एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) चळवळ सुरू झाली. एखाद्या रस्त्यावरील सुमारे हजार रहिवाशांनी मंडळ स्थापावे, कचरा वेगळा करावा, आणि पालिकेने त्यांच्यासाठी एक अधिकारी नेमून द्यावा, एवढीच ती योजना. पैशाचे अनुदान नसून अधिकाऱ्याच्या दारात प्रवेश हेच येथे अनुदान होते, आणि सुशिक्षित मध्यमवर्गाला त्याची किंमत बरोबर कळली. अशी शेकडो मंडळे निघाली. झोपडवस्त्यांसाठी त्याच पालिकेने दत्तक वस्ती योजना काढली, तिच्यात मात्र स्थानिक संस्थांना सफाईसाठी रोख मदत मिळे. एकाच शहरात एका वर्गाला अधिकाऱ्याचा कान आणि दुसऱ्याला झाडूचा मेहनताना, हा फरक योजना आखणाऱ्यांनी मुद्दाम केला नसेल, पण तो झाला खरा.

पैसा कशावर खर्चावा, हा वाद पुण्यात जुना आहे. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना भव्य मंडईच्या खर्चिक बेताला त्यांनी विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच, १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

त्याच शहरात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू आहे. कोणीही नागरिक आपल्या प्रभागातील ५ लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवू शकतो; क्षेत्रीय कार्यालय त्याचा खर्च अंदाजते, प्रभाग समिती निवड करते, आणि ते पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात दाखल होते. उपक्रम स्तुत्य खरा. पण अर्ज भरणारे कोण, हे पाहू गेल्यास ज्यांना अर्ज भरण्याची सवय आहे तेच अधिक दिसतात, आणि त्यांच्या मागण्या पदपथ, बाकडी, दिवे यांभोवती फिरतात. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे-मुंबईच्या सभागृहांची मुदत संपून कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे गेला, तेव्हा नगरसेवकच नसल्यामुळे निवडीचा हा थोडका लोकव्यवहारही दप्तराच्या चार भिंतींत शिरला.

महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. मतदान केंद्रांच्या टापूतील मतदारांनी एकत्र बसून कोणते काम आधी व्हावे, योजनांचे लाभार्थी कोण असावेत, नळ, दिवे आणि संडास कोठे असावेत, हे सुचवावे, असा तिचा हेतू. ही तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. ती जेव्हा प्रत्यक्षात येईल, तेव्हा तिच्यापुढे केवळ कामांची यादी न ठेवता त्या टापूत घरपट्टीतून सोडून दिलेल्या रकमेचा तक्ताही ठेवावा: कोणत्या संकुलाला किती सूट, कोणत्या कारणासाठी, शेवटची तपासणी केव्हा झाली. पालिकेच्या करआकारणी व करसंकलन खात्यात मिळकतवार नोंद आजही असते, तेव्हा असा तक्ता तयार करण्यास नवा कायदा लागत नाही. आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.