काटा जागेवर, पाणी गायब

माझदा बोंगो फ्रेंडी ही गाडी जपानात १९९५ साली रस्त्यावर आली आणि २००५ पर्यंत बनत राहिली. आठ जणांना बसायला जागा, मागच्या सीटा पाडल्या की दोघांची झोपायची सोय, आणि काही मॉडेलांत बटण दाबल्यावर वर उचललं जाणारं छप्पर, ज्याच्या आत आणखी दोघं झोपतात. कंपनीनं ती ब्रिटनमध्ये अधिकृतपणे कधी विकली नाही. पण दोन्ही देशांत स्टिअरिंग उजव्या हाताला, त्यामुळे वापरलेल्या फ्रेंडी जहाजातून तिकडे जाऊ लागल्या. तिथल्या गॅरेजांनी त्यांत शेगडी, सिंक आणि फ्रिज बसवून त्यांचे छोटे कॅम्पर केले. गाडी हौसेची आणि खिशाला परवडणारी. फक्त डिझेलवाली असेल, तर तिचा विषय निघाला की इंजिनाचं हेड गेल्याचा विषय पाठोपाठ निघतोच.

या तक्रारीतली चमत्कारिक बाब अशी, की हेड जाईपर्यंत बहुतेकदा डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा शांतपणे मधोमध उभा असतो.

इंजिन पुढच्या सीटांखाली दडलेलं, रेडिएटर त्याच्या पुढे, आणि मागच्या प्रवाशांसाठीचा हीटर पार शेवटी. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, त्या हीटरकडे नेणारे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते उडून या धातूच्या पाइपांना लागतं आणि वर्षानुवर्षं गंज चढत जातो. रबरी होज वयानं कडक होतात. कुठेतरी बारीकशी गळती सुरू होते. सीटखालचं इंजिन रोज उघडून बघणार कोण?

कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. टाकीच्या झाकणातली स्प्रिंग साधारण ०.९ बार जादा दाब धरून ठेवते, आणि तेवढ्या दाबात साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ग्लायकॉल मिसळलं की उत्कलनबिंदू आणखी वर जातो. गळती झाली की दाब पडतो, दाब पडला की हेडमधल्या सर्वात तापलेल्या कोपऱ्यांत कूलंटची वाफ व्हायला लागते. वाफ उष्णता वाहून नेण्यात अगदीच कुचकामी. हवेचं बोलायचं, तर एक लिटर पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा लागेल. म्हणजे जिथून पाणी गेलं, तिथली उष्णता धातूतच साठत राहते. अॅल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक अशी जोडी असेल, तर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड मग वाकतं, नाहीतर त्याला तडा जातो, आणि मधलं गॅस्केट उडतं.

काट्याला हे कळत का नाही? त्याचा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. तो कूलंटमध्ये बुडालेला असेल, तरच इंजिनाचं तापमान त्याच्यापर्यंत नीट पोचतं. पाणी खाली उतरलं की तो हवेत किंवा वाफेत लटकतो आणि आपल्या आसपासचं तापमान प्रामाणिकपणे कळवत राहतो. त्यात भर अशी, की अनेक गाड्यांमध्ये काटा मुद्दामच आळशी ठेवलेला असतो. दहावीस अंशांच्या चढउताराला तो हलत नाही. काटा सारखा नाचला तर गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतं. कंपन्यांची ही सोय मालकाच्या मुळावर येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोंगोवाल्यांनी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. तापमान मोजण्याऐवजी ते पाणीच मोजतात. कूलंटच्या टाकीत एक प्रोब बसवायचा. कूलंटमध्ये आयन असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. पातळी प्रोबच्या खाली गेली की सर्किट तुटतं आणि बझर वाजतो. इंजिन तापण्याच्या आधी, गाडी कडेला घ्यायला वेळ मिळेल अशा बेतानं. (तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडू नये, हे सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतंच.) पाणी पुन्हा भरतानाही घाई चालत नाही. पाइपांची वळणं इतकी, की उंच जागी हवेचा फुगा अडकून बसतो. हीटर पूर्ण उघडा ठेवून, हळूहळू भरत, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नये.

भलतीच गोष्ट मोजण्याचा हा घोटाळा बॅटरीच्या बाबतीतही होतो. फ्रिज आणि दिव्यांसाठी कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी असते. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उरली की १२.२. पण हे आकडे खरे ठरतात ते बॅटरी काही तास स्वस्थ पडून राहिल्यावर. गाडी चालवून नुकतंच थांबलात, तर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज मीटरला चढवून दाखवतो. रात्री ‘बॅटरी फुल’ बघून झोपलेल्या माणसाला पहाटे फ्रिज बंद सापडतो. आणि बॅटरी पुनःपुन्हा निम्म्याच्या खाली उतरवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, तिची क्षमता कायमची घटते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली की हा प्रश्न सुटतो, आणि मीटर मात्र आणखी निरुपयोगी होतं. ही बॅटरी नव्वद टक्के भरलेली असो वा तीस टक्के, व्होल्टेज १३ च्या जरा वर जवळपास सपाट राहतं. तिच्यासाठी शंट लावावा लागतो. तो आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजून हिशेब ठेवतो. थंड प्रदेशात आणखी एक पथ्य: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती खराब होते. बोंगोसारख्या जुन्या गाडीत अल्टरनेटर चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून लेड-अॅसिडची दुसरी बॅटरी भरायला साधा रिले पुरतो. युरो ६ मानकाच्या अनेक नव्या व्हॅन इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज मध्येच खाली आणतात. तिथे दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. त्यांना डीसी-टू-डीसी चार्जर घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ओलाव्याची तक्रारही बहुतेक जण अशीच भलतीकडे, छपरावर ढकलतात. सकाळी गादी दमट लागली की सिलिकॉनची ट्यूब घेऊन गळती शोधायला लागायचं. आधी जरा हिशेब करावा. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. छोट्या व्हॅनमध्ये सात घनमीटर हवा धरली, तर २० अंशांना ती फार तर १२० ग्रॅम वाफ धरू शकते. खिडक्या बंद करून दोघं झोपले, की दीड तासाच्या आत हवेची भूक संपते. पुढचं सगळं पाणी काचेवर आणि पॅनेलच्या मागच्या गार पत्र्यावर. काचेवरचं दिसतं, पुसता येतं. पत्र्यावरचं दिसत नाही आणि तेच गंज आणतं. शेगडी पेटवली तर आणखी भर: एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाणी तयार होतं. म्हणून बाहेर कितीही गारठा असला तरी एक खिडकी बोटभर उघडी आणि छताचा व्हेंट चालू हवा. पत्र्याला आतून बंद पेशींचा फोम घट्ट चिकटवावा. काचलोकर ओलावा पिऊन बसते. मे महिन्यात कोकणात एसी लावून झोपलात, तर मामला उलटा होतो. बाहेरची दमट हवा काचेच्या बाहेरच्या बाजूला घाम फोडते, आत सारं कोरडं.

खिडकी उघडी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे उपजत मापकच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपट आसक्तीनं धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि कॅम्परमध्ये झोप येणं कोणाला संशयास्पद वाटणार? शेगडीवर गाडी गरम करू नये, पेटता बार्बेक्यू विझत आला म्हणून आत घेऊ नये, आणि अलार्म बसवावाच. त्याच्यावरचं टेस्टचं बटण मात्र सहसा बझर आणि सर्किट तपासतं. आतला सेन्सर वायू ओळखतोय का, ते बहुतेक अलार्मांत बटण सांगत नाही. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं आणि त्याची तारीख अलार्मच्या पाठीमागे छापलेली असते. जुनी गाडी विकत घेतलीत तर तो भिंतीवरून काढून उलटा करून बघा.