पत्त्याचा रकाना

पहाटे 4. दादरच्या फुलबाजारात टेम्पो रिकामे होत असतात. धाकट्याला कडेवर घेऊन ती पुलाखालून येते. नऊ वर्षांची थोरली सामानापाशी, शेजारणीच्या भरवशावर झोपलेली. सुटा मोगरा, जास्वंद, दुर्वा, दोऱ्याचं रीळ एवढी तिची खरेदी. ओळखीचा फुलवाला निम्म्या पैशांसाठी संध्याकाळपर्यंत थांबतो. तिचं भांडवल म्हणजे ही उधारीच.

5.30. सार्वजनिक शौचालयासमोर रांग. आंघोळीचे पैसे निराळे द्यावे लागतात. म्हणून पोरीची आंघोळ रोज आणि स्वतःची एक दिवसाआड, असा तिचा हिशोब. शाळेत पोरीला कुणी नाक मुरडता कामा नये, यावर ती अडून आहे.

6.45. पालिकेच्या शाळेत गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून 27 वस्तू मोफत मिळतात. जूनमध्ये मिळालेलं ते दप्तर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं असतं. फुटपाथवर पावसाळ्यात कोरडं ठेवायच्या वस्तूंत त्याचा नंबर पहिला, अंथरुणाचा शेवटचा. जन्माचा दाखला नव्हता तरी प्रवेश मिळाला, कारण वयाचा पुरावा नाही म्हणून मूल नाकारता येत नाही, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे तिला एका कार्यकर्तीनं सांगितलं आणि तिनं ते पाठ करून ठेवलं.

11. गजरे ओवता ओवता एक कान रस्त्याकडे. पालिकेची गाडी आली की ताडपत्री, भांडी, चूल सगळं उचलून नेतात. कागदांची पिशवी मात्र ती पोटाशी बांधूनच बसते. 1981च्या जुलैत भर पावसात मुंबईच्या फुटपाथवरची माणसं उठवून शहराबाहेर धाडायला सुरुवात झाली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1985च्या ओल्गा टेलिस निकालानं पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. पण नोटीस देऊन उठवायला मुभाही दिली. एवढ्या वर्षांनंतरही हातातला गजरा अर्धा टाकून ती भांडी गोळा करते. अशा बायकांच्या चिकाटीचं आपण भरभरून कौतुक करतो. त्यांना इतकी चिकाटी लागावीच का, हे विचारत नाही. मला याचा राग येतो.

दुपारी 1. पोरगी खिचडी खाऊन परतते. आज मतदार नोंदणीचा अर्ज भरायचाय. आईला वाचता येत नाही, म्हणून लेक बोट ठेवून वाचते.

"आई, इथं पत्ता लिहायचाय. काय लिहू?"

"आपण झोपतो ती जागा लिही. पुलाचं नाव, खांबाचा नंबर."

ते चालतं. बेघर माणसाकडे रहिवासी पुरावा मागत नाहीत. निवडणूक कर्मचाऱ्यानं रात्री येऊन, सांगितलेल्या जागी माणूस खरंच झोपतो का, हे पाहायचं असतं. त्या दिवसांत जागा सोडायची नाही, गाडी आली तरी लांब जायचं नाही, असं तिनं ठरवलंय. नाव यादीत आलं की पुढचे कागद मागायला तोंड मिळेल, असा तिचा विश्वास आहे.

संध्याकाळी 5 ते 9, सिग्नलवर गजरे विकायचे. पोरांना तिकडे नेत नाही.

रात्री 10. निवारागृहाची चौकशी तिनं केलेली आहे. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा निवारा हवा, असा सरकारी निकष. सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास लागतील. तेवढे नाहीत, आणि आईला मुलांसकट ठेवून घेणारे तर फारच थोडे. म्हणून तिचा डोळा नालासोपाऱ्याच्या खोलीवर आहे. डिपॉझिटसाठी भिशी लावलीय.

उद्या मंगळवार. सिद्धिविनायकाला गर्दी, म्हणजे जास्वंदीचे हार आणि एकवीस दुर्वांच्या जुड्या जास्त लागणार. चारऐवजी तीनला निघायचं, शेजारणीला आत्ताच सांगून ठेवायचं, आणि फुलवाल्याचे आजचे पैसे आधी चुकते करायचे.