जुने कार्ड, नवे कार्ड आणि आमचे घड्याळ

जुन्यावरच भागवायचे की नवे आणायचे, हा प्रश्न मध्यमवर्गीय संसाराच्या पाचवीलाच पुजलेला असतो. मिक्सर झाला, पंखा झाला, कपाट झाले. एकेकाचा खटला घरच्या कचेरीत चालतो आणि निकाल बहुधा गृहमंत्रिणीच देतात. २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे असाच एक खटला उभा राहिला. आरोपी होते संगणकातील ग्राफिक्स कार्ड.

थोरली मुलगी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला. दहा सेकंदांचे चलच्चित्र कॉलेजात सादर करायचे होते आणि त्यावरच तिच्या पहिल्या नोकरीची आशा होती. धाकट्याला खेळ हवे होते. दोघांचे एकमत फक्त एका गोष्टीवर : “बाबा, आपले कार्ड म्हातारे झाले!”

ज्यांचा या वस्तूशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एखादा हुशार हेडक्लार्क. कोणतेही अवघड काम द्या, तो ते निस्तरतो. पण एकटा किती करणार? साध्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवायची म्हणजे बारा कोटींच्या वर ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे. हे काम हजारो साध्या कारकुनांनी एकाच वेळी बसून करावे लागते. तशा कारकुनांचे दालन म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आमचे कार्ड एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६०, म्हणजे २०१६ सालचे. त्यात १२८० कारकून, सहा गिगाबाइट स्मृती आणि विजेची भूक १२० वॉट. मुलांच्या मनात भरले होते ते २०२३ चे आरटीएक्स ४०६०. त्यात ३०७२ कारकून, आठ गिगाबाइट स्मृती, आणि गंमत म्हणजे भूक ११५ वॉटच! सात वर्षांत काम वाढले आणि खुराक मात्र किंचित घटला. याचे कारण कारागिरीत आहे. जुन्या कार्डाच्या चकतीवर सुमारे ४४० कोटी ट्रान्झिस्टर होते. नव्याची चकती आकाराने त्याहून लहान, तरी तिच्यावर सुमारे १८९० कोटी मावले आहेत.

पण आकडे कागदावरचे. “वधूची पत्रिका पाहून स्वयंपाक कळत नाही,” असे सौभाग्यवतींनी सुनावले. तेव्हा भाच्याचे नवे कार्ड दोन रविवारांसाठी उसने आणले आणि परीक्षा मांडली. नियम साधे : पेटी तीच, खेळ तोच, प्रसंग तोच, आणि प्रत्येक चाचणी तीनदा. कार्डाबरोबर बाकीचा संगणकही बदलला, तर कोण जिंकले ते कळणारच नाही.

धाकट्याच्या खेळांपासून सुरुवात केली. २०२० साली निघालेला ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ जुन्या कार्डावर सेकंदाला चाळीसच्या आसपास चित्रे देई; नव्यावर तो ऐंशीपलीकडे गेला. धाकट्याने टाळ्या पिटल्या. मी मात्र पडद्याकडे बोट दाखवले. आमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो! साठावरची सगळी वाढ पाहणाऱ्याला तशी दिसतच नाही. त्याच्या आवडीचे जुने खेळ तर जुन्या कार्डावरही साठ ओलांडतच होते. तेथे फरक शून्य.

दुसरी गोष्ट सरासरीची. लोकल दादरहून ठाण्याला सरासरीने छान वेगात गेली, पण मध्येच कुर्ल्याला पाच मिनिटे अडकली, तर प्रवाशाच्या लक्षात काय राहते? कुर्ला! खेळाचेही तसेच. सरासरी चांगली असूनही मधूनच चित्र अडखळले की रसभंग होतो. म्हणून सर्वांत संथ क्षणांचा आकडा निराळा पाहावा. जुने कार्ड तेथे खरोखर कमी पडत होते.

मग मुलीचे काम आले. ब्लेंडर नावाच्या प्रणालीत तिची एक चौकट रंगवायला जुने कार्ड नऊ मिनिटे घेई. सेकंदाला चोवीस याप्रमाणे दहा सेकंदांच्या २४० चौकटी. म्हणजे सलग छत्तीस तास! त्यात एखादी सावली चुकलेली दिसली, की पुन्हा छत्तीस तास. नव्या कार्डाने तीच चौकट दीड मिनिटात उतरवली. सगळे काम सहा तासांत. रात्री लावावे, सकाळी चहाबरोबर पाहावे! कारकून अडीच पट आणि वेग सहा पट कसा? तर प्रकाशकिरण कोठे आपटून कोठे वळतो, याचा हिशेब करणारे खास विभाग नव्या कार्डात आहेत. जुन्यात ते मुळीच नाहीत.

एवढ्यात तिसरा उमेदवार पुढे आला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने जीटीएक्स १०८० टीआय स्वस्तात देऊ केले. हे २०१७ चे, आपल्या काळातले पहिलवान : ३५८४ कारकून, अकरा गिगाबाइट स्मृती. साध्या खेळांत ते आजही बऱ्याच नव्या कार्डांशी झुंजते. स्मृती जास्त असणे हेही खरे सुख. ओटा मोठा असला की डबे सारखे फडताळातून काढावे लागत नाहीत. पण याची भूक २५० वॉटची. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्याला ६०० वॉटचा पॉवर सप्लाय हवा. आमचा ५५० चा. शिवाय रोज चार तास चालवले तर वर्षाला सुमारे दोनशे युनिटे वीज जास्त. युनिटला दहा रुपये धरले तरी दोन हजारांचा फटका. आणि किरणांचे ते खास विभाग त्यातही नाहीत. सौभाग्यवतींनी त्याला जागच्या जागी नापास केले.

ग्राहकाने सावध राहावे असे एक ठिकाण म्हणजे जाहिरातीतील आलेख. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० जाहीर केले, तेव्हा ते १५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचे असल्याचे सांगितले गेले. त्यातली मेख अशी की नवे कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये तेव्हा तीनपर्यंत चित्रे अंदाजाने घालू शकत होते. हालचाल त्याने गुळगुळीत दिसते हे खरे. पण बोटाने कळ दाबल्यावर खेळाने प्रतिसाद देण्याचा वेग त्या पटीत वाढत नाही. दुधात पाणी घालून लिटर वाढले, म्हणून म्हैस अधिक दूध देऊ लागली असे कोणी म्हणत नाही!

आमच्या खटल्याचा निकाल असा लागला : नवे कार्ड मुलीच्या पेटीत आले आणि जुने धाकट्याला मिळाले. तो दोन दिवस फुरंगटला; पण त्याचा पडदा साठाचा, खेळ जुने, तक्रारीला जागा कोठे होती? मुलीने चित्रपट मुदतीपूर्वी दिला, तोही चार वेळा सुधारून. जुन्या कार्डावर तिला एकदाच रंगवून देवावर हवाला ठेवावा लागला असता.

आता जुन्याचेही दिवस भरत आले आहेत. २०२३ चा ‘ॲलन वेक २’ त्या पिढीच्या कार्डांवर सुरुवातीला फारच रखडला. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाला तर किरणांचे विभाग असलेले कार्डच लागते. नव्या खेळांसाठीची ड्रायव्हर-दुरुस्ती त्या कार्डांना २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंतच मिळाली. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत.

तेव्हा वाचकहो, घरात हा हट्ट निघाला तर आधी तीन गोष्टी विचारा : आपला पडदा किती चित्रे दाखवतो, पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे, आणि कार्ड नेमक्या कोणत्या कामासाठी हवे? करमणुकीतली दहा चित्रे कमी झाली तर चालते. पण मुलाच्या शिक्षणातले तीस तास वाचत असतील, तर हात आखडू नका.