झाशीचा पाडाव (१८५८) : सैनिक व नागरिक यांच्यातील सीमारेषा

प्रस्तावना :
१८५७ च्या उठावाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. झाशीच्या संदर्भात हे लेखन प्रामुख्याने राणी लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाभोवती केंद्रित झालेले दिसते. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले, तेव्हा तेथील सामान्य रहिवाशांचे काय झाले, हा प्रश्न त्यामानाने मागे पडला. वेढ्याच्या काळात एकत्र आलेले सैनिक व नागरिक यांचे भवितव्य शहर पडताच वेगळे कसे झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साधनांचे स्वरूप :
या घटनेची साधने दोन प्रकारची आहेत. एकीकडे सर ह्यू रोज व त्याच्या सैन्यातील अधिकाऱ्यांचे अहवाल आणि आठवणी आहेत, तर दुसरीकडे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे मराठी प्रवासवर्णन आहे. गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेले असताना ते झाशीच्या वेढ्यात सापडले. झाशी संस्थानचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातील असल्याने शहरात मराठी ब्राह्मणांची वस्ती होती व गोडसे यांना तेथे आश्रय मिळाला. हा वृत्तान्त त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर आठवणीतून लिहिला आणि तो चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये, मूळ मजकुरात फेरफार करून, प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यातील तारखा व संख्या तपासूनच घ्याव्या लागतात. तथापि घरात लपलेल्या माणसाला पाडाव कसा दिसला, हे सांगणारे असे साधन दुर्मीळ आहे.

वेढा : एकत्रित प्रतिकार :
मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात रोजचे सैन्य झाशीपुढे येऊन ठेपले. शहराला भक्कम तट होता आणि किल्ला तटाला लागूनच होता. राणीच्या फौजेत बुंदेले, विलायती म्हणून ओळखले जाणारे अफगाण व अन्य शिपाई होते. मात्र लढा केवळ फौजेचा राहिला नाही. स्त्रिया मोर्चांवर काम करताना व दारूगोळा वाहून नेताना दिसल्याची नोंद खुद्द रोजने केली आहे. तोफांनी पाडलेला तट रात्री पुन्हा उभा केला जाई. ३१ मार्च रोजी तात्या टोपे यांच्या मदतीच्या फौजेचे आगमन कळताच शहरात जल्लोष झाला. परंतु वेढा न उठवता रोजने १ एप्रिल रोजी बेतवा नदीजवळ या फौजेचा पराभव केला. त्यानंतर बाहेरून मदत मिळण्याची आशा मावळली.

तटाला खिंडार : सीमारेषेचा लोप :
३ एप्रिलच्या पहाटे ब्रिटिश सैन्य शहरात घुसले. राजवाड्यात व रस्त्यारस्त्यांवर हातघाईची लढाई झाली. ४ एप्रिलच्या रात्री राणी निवडक स्वारांसह किल्ल्यातून बाहेर पडून काल्पीकडे गेली. लष्करी दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, कारण त्यामुळेच पुढे जून १८५८ पर्यंत ग्वाल्हेरपर्यंतचा संघर्ष शक्य झाला. पण सैनिकापुढे लढणे, मरणे वा निसटणे हे पर्याय होते, तसे नागरिकापुढे नव्हते. घर, म्हातारी माणसे व मुले सोडून त्याला कोठे जाणार?

यानंतरच्या संहारासाठी गोडसे ‘बिजन’ हा शब्द योजतात. त्यांच्या कथनानुसार पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत जो पुरुष दिसेल तो मारला जात होता. हलवाईपुऱ्याला आग लागली होती, माणसे विहिरीत उड्या घेत होती, आणि लपलेल्यांना तहानेने व्याकूळ होऊनही बाहेर पडता येत नव्हते. लुटीलाही क्रम होता : आधी सोने, चांदी व रोकड, मग तांब्यापितळेची भांडी, नंतर कपडालत्ता व धान्य. संस्थानच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाचाही नाश झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रोजच्या सैन्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई व मद्रास इलाख्यांतील आणि हैदराबाद कंटिंजंटमधील हिंदी शिपाईही होते. म्हणून या घटनेला केवळ गोरे विरुद्ध हिंदी असे रूप देता येत नाही.

कारणमीमांसा :
या क्रौर्यामागे सूडाची भावना होती. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत सुमारे साठ युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली होती. त्याचा दोष ब्रिटिशांनी राणीला व संपूर्ण शहराला दिला. राणीचा त्यात सहभाग असल्याचा निर्णायक पुरावा पुढील संशोधनातही मिळाला नाही. दुसरे कारण वेढ्याच्या स्वरूपातच आहे. ज्या सहभागामुळे शहर इतके दिवस टिकले, तोच प्रत्येक रहिवाशाला ‘बंडखोर’ ठरविण्यास निमित्त झाला. ब्रिटिश लेखकांनी झाशीतील मृतांचा आकडा पाच हजारांपर्यंत दिला आहे. परंतु तो शत्रूची हानी म्हणून. त्यात हाती शस्त्र नसलेले किती, हे वेगळे मोजण्याची गरज त्यांना भासली नाही.

समारोप :
झाशीचा पाडाव ही केवळ लष्करी घटना नव्हती. तट उभा होता तोवर त्याने शहरातील सर्वांना एकत्र ठेवले. तो पडताच विजेत्याने सैनिक व नागरिक हा भेद नाकारला, आणि विजेत्याच्या अहवालांनी तो कागदावरूनही पुसला. हा भेद पुन्हा दाखवून देण्याचे कार्य एका भिक्षुकाच्या आठवणींनी केले आहे. १८५७ च्या अध्यापनात वीरचरित्राइतकेच स्थान अशा साक्षीला मिळाले पाहिजे, कारण युद्धाची किंमत कोणी दिली हे तिच्यावाचून विद्यार्थ्यांना समजणार नाही.