दुबईत मेसेज जातो, मग फोन का लागत नाही?

मागच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, अब्बांचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, फोटो येतो, मग कॉल का लागत नाही?" अब्बा दुबईत. घरी दादीने आपला अर्थ काढून ठेवला होता, की मुलगा मुद्दाम फोन घेत नाही. सून मध्ये अडकलेली.

मुलाचा यात काही कसूर नाही. इंटरनेटवरचा कॉल म्हणजे आपला आवाज आकड्यांत बदलून, सेकंदाला साधारण पन्नास तुकडे करून पाठवणं. पलीकडे ते तुकडे पुन्हा जोडले जातात. रेंज कमी असली की काही तुकडे वाटेतच राहतात आणि "सलाम"चा नुसता "लाम" ऐकू येतो. मेसेजचं तसं नाही. तो दोन मिनिटं उशिरा पोहोचला तरी पूर्ण पोहोचतो.

पण दुबईचं कारण रेंज नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलसाठी सरकारची परवानगी लागते. व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हॉइस नोट तिथे चालतात, कॉल मात्र अडवले जातात. कधी घंटी वाजते, समोरचा उचलतोही, पण आवाज येत नाही. दादीचा गैरसमज इथेच झाला. (आपल्याकडेही इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. त्याआधी आमच्यासारखे लोक एसटीडी बूथवर मीटरकडे बघत बोलायचे.)

मग करायचं काय? तिथे परवानगी असलेली ॲप्स आहेत, बोटिम त्यातलं एक. तेच ॲप दोन्हीकडच्या फोनमध्ये हवं, नुसतं तिकडे असून भागत नाही. कोणी व्हीपीएन टाकायला सांगेल. तिथल्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे. पाच मिनिटांच्या गप्पांसाठी कमावत्या माणसाला त्या भानगडीत टाकू नका. वेळेचंही बघा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदी अडीच तास. आपल्या सकाळी सातला तिकडे साडेपाच वाजलेले असतात.

अजून एक. इंटरनेट कॉलवर दिसणारं नाव आणि फोटो कोणीही लावू शकतो. नव्या नंबरवरून "तुमचा मुलगा पोलिसांत अडकलाय, लगेच पैसे पाठवा" असं कोणी सांगितलं तर फोन ठेवा आणि मुलाच्या जुन्या नंबरवर साधा फोन लावा. बिल थोडं जास्त येईल, येऊ द्या. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० वर कळवा.

त्या मुलीच्या घरी आता बोटिम आहे. दादी मात्र व्हॉइस नोटवरच खूश आहे. म्हणते, ती परत परत ऐकता येते.